जरा सावकाश दाब

"या वयाच्या मुलीचा हात इतका संथ नसतो," फिजिओ म्हणाली होती. "त्यातून ही हॉकीची गोलकीपर. पुन्हा एकदा घेऊ या का चाचणी? दहा मिनिटांचं काम आहे." त्यावर मुलीची आई हसली होती. "सकाळची अशीच असते हो ती," हसत म्हणाली होती, "दात घासून झाले तरी जागी झालेली नसते." फिजिओही हसली, पण हसताना तिचे डोळे पडद्यावरून हलले नव्हते. बेचाळीस गुण. बाकीच्या मुलींना साठाच्या वर. "बघा हं," फिजिओ म्हणाली, "हा आकडा वर्षभर धरला जातो. उद्या हिच्या डोक्याला काही लागलं, तर परत हीच चाचणी घेऊन आम्ही याच आकड्याशी ताडून बघणार. आणि हाच खोटा निघाला तर आम्ही आंधळे." "खोटा कशाला असेल?" असं म्हणून ती मुलीच्या पाठपिशवीचा पट्टा सारखा करत बसली होती. पट्टा सारखाच होता. फिजिओने खांदे उडवले, कागदावर सही केली, आणि दारातून पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.

हे सगळं तिला आठवलं ते लिफ्टमध्ये, सात महिन्यांनंतरच्या एका शनिवारी सकाळी. आणि आठवलं तेही एखादी गोष्ट आठवते तसं नाही. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं. दोघींच्या मध्ये किटबॅग उभी होती, माणसाएवढी, जाड निळ्या कापडाचं कव्हर घातलेली. मुलगी बटणांच्या बाजूला होती. दार लागलं. मुलीने बोट उचललं, बटणांच्या समोर नेलं आणि तिथेच धरून ठेवलं. वरचा बारका पंखा घरघरत होता. लिफ्ट जागची हलली नव्हती हे तिच्या लक्षात यायलाही थोडा वेळ गेला, कारण मनातल्या मनात ती मैदानावर पोचली होती, पाण्याच्या बाटल्या मोजत होती. "अगं, दाब ना," ती म्हणाली. "हो," मुलगी म्हणाली. बोट होतं तिथेच. मग मुलीने मान वळवून, अगदी साध्या आवाजात, बसचा नंबर विचारावा तसं विचारलं, "आई, खाली जायला कुठलं?" ती बघतच राहिली. मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी इकडून तिकडे सरकलं आणि मग ती हसली. "गंमत केली गं. चेहरा बघ तुझा." पण हसू उशिरा आलं होतं. किती उशिरा, ते तिला नेमकं ठाऊक होतं. मनात एक म्हणायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच. बटण तिनेच दाबलं.

गाडीत मुलीने समोरची उन्हाची झडप खाली ओढून घेतली. बाहेर ऊन नव्हतं. आभाळ राखी होतं, रस्त्यावरच्या माणसांना सावल्या नव्हत्या. "ऊन लागतंय?" "नाही. असंच." गेले दहा-बारा दिवस सगळं असंच होतं. खोलीचे पडदे असेच बंद. पुस्तकाचं एकच पान असंच तासभर उघडं. दूध फ्रिजमधून काढून कपड्यांच्या कपाटात असंच ठेवलेलं. त्यावर सगळे हसले होते, ती सगळ्यांत जास्त. मोज्यांचा एक जोड सापडेना म्हणून मुलगी भिंतीला टेकून रडली होती, पाच वर्षांची असताना रडायची तशी, तोंड उघडं टाकून. ती म्हणाली होती, टेन्शन आहे निवडीचं. नवरा म्हणाला होता, वय आहे. दोघांनाही आपापलं उत्तर पटलं होतं, कारण दुसरं एक उत्तर घरात येऊन कोपऱ्यात बसलं होतं आणि त्याच्याकडे बघायचं नाही असं त्यांनी न बोलताच ठरवलं होतं. वास्तविक बघणं हे तिचं काम. चष्म्याच्या दुकानात ती दिवसभर लोकांचे डोळे तपासते. खालची ओळ वाचा, आता कसं दिसतंय, आधीचं बरं की हे बरं. ट्रकचे ड्रायव्हर परवान्याच्या तपासणीआधी दुकानात येतात आणि काहीतरी विचारायच्या निमित्ताने तक्ता पाठ करून जातात. तिने एकदा तक्ता आरशात उलटा दाखवून तिघांना पकडलं होतं. शाळेतल्या मुलींना चष्म्याची हौस येते, तेव्हा त्या काहीच दिसत नाही म्हणतात. त्यांच्या डोळ्यांसमोर ती नुसती साधी काच धरते आणि विचारते, आता? मुली घडाघडा वाचतात. दुकानाचा मालक म्हणतो, बाईंच्या पुढे कुणी खोटं बोलू शकत नाही. हे तिचं घरी दोन-तीनदा सांगून झालं होतं.

खोटं तिला शिकवलं ते संघात सेंटर-हाफ खेळणाऱ्या मुलीच्या बाबांनी, आणि तेही खोटं आहे असं वाटू न देता. या हंगामाच्या सुरुवातीला, मैदानाच्या कडेला, घडीची खुर्ची उलगडता उलगडता. ते गृहस्थ दुर्बीण घेऊन येत. दहा वर्षं दोन मुलींच्या मागे मैदानं झिजवल्यामुळे त्यांना सगळं माहीत असे. कुठल्या मैदानावर गाडी कुठे लावायची, कुठला पंच स्टिक उंच गेली की शिट्टी मारतो, निवड समितीतला कोण गोल बघतो आणि कोण गोल होण्याआधीची धाव बघतो. नवख्या आईबापांना ते हे सगळं फुकट वाटत. "तुम्ही भिंतीच्या आई ना? मला वाटलं बहीण," त्यांनी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं. तिची मुलगी गोलमध्ये उभी राहिली की बॉल पुढे जात नाही, म्हणून मुलीचं नाव भिंत, आणि मैदानावर तिचं स्वतःचं नाव त्या दिवसापासून भिंतीची आई. विसाव्या वर्षी, शेवटच्या वर्षाची परीक्षा महिन्यावर आलेली असताना, ती आई झाली. तेव्हापासून कुणी ना कुणी तिला मुलीची बहीणच समजत आलं होतं, आणि आपण पुरेशी आई दिसत नाही याची एक धाकधूक तिच्या मनात कायमची घर करून बसली होती. त्यामुळे कुणी वडीलधाऱ्या माणसाने समजावून सांगितलं की ती कान देऊन ऐके. "परवा ती कॉम्प्युटरची चाचणी आहे," सेंटर-हाफचे बाबा म्हणाले. "पोरीला सांगून ठेवा, पहिल्याच दिवशी फार हुशारी दाखवायची नाही. पुढे कधी डोक्याला बारीकसारीक लागलं तर आकडा खाली दिसायला नको. नाहीतर हे लोक महिना महिना बसवून ठेवतात. तेवढ्यात निवड होऊन जाते." "पण मग खरंच लागलं असेल तर?" "खरंच लागलं तर आपल्याला कळत नाही का? आपण आईबाप आहोत," ते म्हणाले आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.

घरी येऊन तिने मुलीला सांगितलं होतं, पॅडचे पट्टे आवळून देताना. "तो चौकोन दिसला ना पडद्यावर, की लगेच नाही दाबायचं. मनात एक म्हणायचं, मग दाबायचं. जरा सावकाश दाब." "आई, हे चीटिंग आहे." "चीटिंग जास्त मार्क मिळवण्यात असतं. कमी मिळवण्यात कसलं आलंय?" हे वाक्य तिला त्या क्षणी सुचलं होतं आणि फार आवडलं होतं. इतकं आवडलं की पुढच्या दोन दिवसांत तिने ते आणखी एकदा वापरलं. टेलरबाईंकडे.

टेलरबाई म्हणजे चिमणीची आई. संघातल्या सगळ्या मुलींच्या जर्सीवर नंबर त्याच शिवून देत, सैल झालेले पट्टे बदलून देत, आणि त्यांची मुलगी दोन वर्षं पॅड बांधून बाकावर बसे. चिमणी दुसरी गोलकीपर. इवलासा चेहरा, हेल्मेट घातलं की मान दिसायची बंद होई, आणि उन्हात, वाऱ्यात, संघ हरत असताना, संघ जिंकत असताना ती त्या जड पॅडांसकट बसून राही, कधी काळी भिंत पडली तर उठायला. एक संघ, एक गोल, आणि त्याच्या पुढे एकच जागा. हे दोन्ही आयांना माहीत होतं, म्हणून दोघी एकमेकींशी फार गोड बोलत. त्या दिवशी टेलरबाई तोंडात टाचण्या धरून भिंतीच्या पँटची कंबर आत घेत होत्या. "आमची घाबरलीय हो," टाचण्यांमधून त्या म्हणाल्या, "परीक्षा आहे म्हणून झोपत नाही. तुम्ही काय सांगितलंत तुमचीला?" आणि तिने सांगितलं. चांगुलपणाने सांगितलं असं तिला तेव्हा वाटलं होतं. आता गाडी सिग्नलला उभी असताना, शेजारी मुलगी डोळे मिटून बसलेली असताना, तिला वाटलं, चांगुलपणा नव्हता तो. एकटीने करायचं काम नव्हतं, म्हणून सोबत शोधली. टेलरबाईंनी टाचण्या काढून हातावरच्या उशीत टोचल्या आणि म्हणाल्या, "शिकलेल्या बाईचं वेगळंच असतं." महिन्याभरापूर्वी चिमणी सरावात खांबावर आपटली. दोन दिवस उलट्या झाल्या. पोटाचं असेल, असं घरच्यांनी ठरवलं. मग चाचणी झाली आणि चिमणी पास. "तुम्ही सांगितलंत म्हणून," टेलरबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "नाहीतर बाकसुद्धा गेला असता." दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीच्या किटबॅगसाठी कव्हर शिवून पाठवलं. निळं, त्यावर पांढऱ्या दोऱ्याने विटा काढलेल्या. एक एक वीट हाताने.

"डावा किकर घेतलास ना माझा?" मुलीने बुटावर चढवायच्या जाड पॅडबद्दल विचारलं. "घेतला. तूच भरलास." सिग्नल सुटला. पूल आला, पुलाखालची भंगाराची दुकानं आली, पाण्याची टाकी आली. "आई, डावा किकर घेतलास ना?" तोच आवाज, तीच पट्टी. या वेळी मुलगी हसली नाही, कारण आपण काही गमतीचं बोललो हे तिला माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "हो बाळा, घेतला."

मागच्याच्या मागच्या रविवारी तिने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. समोरून एक उंच पोरगी बॉल घेऊन सुटली, भिंत पुढे धावली आणि आडवी पडली, बॉल पॅडला लागून बाहेर गेला. सगळे बॉलच्या मागे बघत होते. ती मात्र मुलीकडे बघत होती. त्या पोरीचा गुडघा हेल्मेटवर बसला. आवाज मोठा नव्हता. घरातलं एखादं जड पुस्तक जमिनीवर पडावं तसा. मुलगी चार सेकंद तशीच पडून राहिली. चार, कारण तिने मोजले. मग उठली आणि अंगठा वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या. फिजिओने नियमाप्रमाणे बाहेर काढलं, आठवडाभर विश्रांती दिली, थोडं चालणं, थोडं धावणं असं पायरीपायरीने वर आणलं, आणि बुधवारी चाचणी घेतली. आला आकडा चव्वेचाळीस. जुन्यापेक्षा दोन वरच. "डोक्यावर आपटल्यावर हुशार झाली की," नवरा म्हणाला होता, आणि जेवणाच्या टेबलावर हशा पिकला होता. मुलगीही हसली होती, थोडी उशिरा. चव्वेचाळीस. साधी काच. समोर काच धरून बाई विचारतेय, आता कसं दिसतंय, आणि सगळं घर एका सुरात सांगतंय, छान, अगदी स्पष्ट.

मैदानावर टर्फला पाणी मारणं चाललं होतं. निवड समितीचे तिघे मधल्या रेषेपाशी छत्रीखाली बसले होते, गुडघ्यांवर लिहायचे पॅड, पेनला टोपण नाही. आज निकालाला महत्त्व नव्हतं. आज फक्त हे तिघे काय लिहितात त्याला होतं. दोन संघांमधून मिळून अठरा मुली निवडायच्या, त्यात एक गोलकीपर, आणि ती एक मग दोन वर्षं निवासी अकादमीत. तिथे शाळा तेच बघतात, गुडघे तेच बघतात. त्यासाठी सहा वर्षं शनिवार-रविवार गेले होते, नवऱ्याने कामाच्या पाळ्या बदलून घेतल्या होत्या, तिने बढती नाकारली होती. आणि मुलीने तर दुसरं काही मागितलंच नव्हतं, ना वाढदिवस, ना सहल. "भिंतीच्या आई, खुर्ची इकडे ओढा, इथून समितीची पेनं दिसतात," सेंटर-हाफचे बाबा म्हणाले. "दुर्बिणीतून काय अक्षरंही वाचता का?" कुणीतरी विचारलं. "अक्षरं नाही, पण पेन किती वेळ हलतं त्यावरून कळतं. लांब हललं की तक्रार, थोडकं हललं की पसंत." सगळे हसले. टेलरबाई मागच्या ओळीत होत्या; त्यांनी हात हलवला. बाकावर चिमणी पॅड बांधून बसलेली होती, पाय जमिनीला टेकत नव्हते.

ती खुर्चीवर न बसता खाली गेली. कपडे बदलायच्या खोलीबाहेरच्या बोळात मुलगी भिंतीला पाठ लावून उभी होती, हेल्मेट काखेत. "आज वार कुठला?" तिने विचारलं. "आई, प्लीज." "सांग ना." "शनिवार. शनिवार आहे, मॅच आहे, आणि तू आत्ता सुरू करू नकोस." "मागच्या रविवारी आपण कुठे गेलो होतो?" मुलीने तोंड उघडलं. बोळाच्या टोकाला कुणीतरी स्टिक आपटत गेलं. "आपण मावशीकडे गेलो होतो," शेवटी आईनेच सांगितलं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला सगळं हळू दिसतं," ती कुजबुजली, "माणसं, शब्द, सगळं. पण बॉल दिसतो. आईशपथ, बॉल नीट दिसतो. आजचा दिवस फक्त. तू कुणाला सांगणार नाहीस." मग मुलीने हेल्मेट डोक्यावर चढवता चढवता, तक्रार म्हणून नाही, शाळेतून आल्यावर काही सांगावं तसं सांगितलं, "तू म्हणाली होतीस ना, मनात एक म्हण, मग दाब? आता म्हणावं लागत नाही. आपोआपच होतं."

फिजिओची खोली बोळाच्या दुसऱ्या टोकाला होती. दार अर्धं उघडं होतं. आत कुणाच्या तरी घोट्याला पट्टी बांधणं चाललं होतं. ती दारापर्यंत गेली आणि परत फिरली. पुन्हा गेली, दाराच्या कडीवर बोट ठेवलं. आत जाऊन काय म्हणायचं याची वाक्यं तिच्याकडे तयार होती, पण प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मी' या शब्दाने होत होती आणि तिथेच जीभ अडत होती. सुरुवातीची शिट्टी झाली. ती वर येऊन बसली. पाच मिनिटांत भिंतीने दोन बॉल अडवले, दुसरा तर डाव्या पायाचा किकर टाकून, असा की समितीतल्या बाईंनी मान वर केली. "भिंत! भिंत!" खुर्च्या ओरडल्या. पेन हललं, थोडकंच. "झालं तुमचं काम," सेंटर-हाफचे बाबा म्हणाले. नवऱ्याचा मेसेज आला: काय चाललंय? तिने लिहिलं: छान. पाठवून झाल्यावर ती त्या शब्दाकडे बघत राहिली. देहाला सगळं पाठ असतं, तिला वाटलं. ड्रायव्हर जसा तक्ता पाठ करतो, तसं मुलीच्या अंगाने बॉल पाठ केलेत. तक्ता उलटा धरला की कळेल.

मध्यंतराला तीन मिनिटं असताना शॉर्ट कॉर्नर मिळाला समोरच्या संघाला, म्हणजे गोलवर मोकळा फटका. भिंत आणि तिच्या बाजूला चार मुली, तोंडाला मुखवटे बांधून, गोलच्या रेषेवर. बॉल आला, थांबला, सुटला. भिंत पडली, पण बॉल गेल्यावर पडली. बॉल खांबावर लागून बाहेर उडाला. टाळ्या पडल्या, कारण लांबून वाटलं की तिनेच अडवला. मग ती उठली आणि जाळीकडे तोंड करून उभी राहिली. दोन्ही हातांनी जाळी धरून. मैदान पाठीमागे, खेळ पाठीमागे, आणि ती जाळीतून मागच्या कुंपणाकडे बघतेय, बॉल तिकडून येणार असल्यासारखी. "बघा, भिंतीने पाठ फिरवली," मागून कोणीतरी हसलं. "स्टाइल आहे हो ती," सेंटर-हाफचे बाबा म्हणाले. फुलबॅकने खांद्याला धरून तिला वळवलं. ती वळली आणि अंगठा वर केला.

तोपर्यंत तिची आई जिना उतरली होती. मध्ये खुर्च्या आडव्या आल्या, कुणाची तरी बाटली लवंडली, "अहो, जपून" असं कुणी म्हणालं. आणि ती फिजिओसमोर उभी होती, बाजूच्या रेषेवर, धापा टाकत. वाक्यं तयार होती त्यांतलं एकही आलं नाही. "ते बेचाळीस खोटे आहेत," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं तिला. सावकाश दाब म्हणून." फिजिओने तिच्याकडे पाहिलं. रागावली असती तर बरं झालं असतं. "मी विचारलं होतं तुम्हाला," फिजिओ म्हणाली. "हो." "पुन्हा घेऊ या का म्हणून." "हो." फिजिओने हात वर करून पंचाला खूण केली. मग पुन्हा वळली. "अजून कुणी?" तिने हळूच विचारलं. "अजून कुणाच्या बाबतीत हे झालंय का? माहीत असेल तर आत्ता सांगा." शिट्टी वाजली. खेळ थांबला. बाकावरून चिमणी उठत होती, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढत. मागच्या ओळीत टेलरबाई उभ्या राहिल्या होत्या, तोंडावर हात धरून, आणि दोन वर्षांत त्यांचा चेहरा पहिल्यांदा असा आनंदाने फुललेला दिसत होता की बघणाऱ्यालाही हसू यावं. एक खोटं कबूल करायला जेवढा श्वास लागतो तेवढाच तिने घरून आणला होता. दुसऱ्यासाठी उरला नव्हता. शिवाय ते खोटं दुसऱ्याचं होतं, सांगायचा हक्क दुसऱ्याचा. आणि चिमणीलाही बाहेर काढलं तर संघ गोलकीपरवाचून उभा राहील, आणि सगळ्या खुर्च्या वळून विचारतील, हे शिकवलं कुणी. यातलं कुठलं कारण खरं होतं ते तिला तेव्हाही ठरवता आलं नाही, नंतरही नाही. "मला नाही माहीत," ती म्हणाली.

मुलगी जवळून गेली तेव्हा तिने हेल्मेट काढलेलं होतं. केस कपाळाला चिकटले होते. ती आईकडे बघत होती आणि आई कोण हे तिला नीट कळत होतं, तेवढं मात्र कळत होतं. "तुला कुणी सांगितलं होतं?" ती म्हणाली. सात महिन्यांपूर्वीच्या बोलण्याबद्दल की आत्ताच्या, ते तिने सांगितलं नाही. "सरळ हॉस्पिटलमध्ये न्या," फिजिओ म्हणाली, "मी फोन करून ठेवते. झोपू देऊ नका. उलटी झाली, एक हात जड झाला, तर वाटेतल्याच दवाखान्यात थांबा." दाराशी टेलरबाई धावत आल्या आणि त्यांनी तिचे दोन्ही हात धरले. त्यांच्या हातांना सुईचे घट्टे होते. "लेकीला जपा," त्या म्हणाल्या, "होईल बरी. आणि आमचीला संधी मिळाली, ती तुमच्यामुळे. आम्ही विसरणार नाही." "ताई," ती म्हणाली. "जा जा, उशीर नका करू. मी बघते, आमची आत्ता उभी राहील." आणि त्या वळल्यासुद्धा. ताई हा एकच शब्द तिच्या तोंडात राहिला, टाचणीसारखा.

किटबॅग मागच्या सीटवर होती, विटा वर करून. गाडी फाटकातून बाहेर काढताना मैदानावरून बॉल कशावर तरी आपटल्याचा आवाज आला, आणि ओरडा, आणि शिट्टी. गोल झाला असेल, किंवा वाचवला असेल. आवाजावरून ते कळत नाही. मुलीने डोळ्यांवर जॅकेट ओढलं होतं. "झोपू नकोस हं. बोल माझ्याशी." "काय बोलू?" "काहीही. पाढे म्हण." मुलगी पाढे म्हणू लागली, सातचा. सात चोक अठ्ठावीसपाशी थांबली आणि पुन्हा सात एके सातवर आली.

आता ती हॉस्पिटलच्या एका लांब व्हरांड्यात बसली आहे. समोरच्या दारावर लाल दिवा आहे. मशीनमध्ये मुलीचं डोकं आहे. तासाभरात सांगू, म्हणाले. टेलरबाईंना तिने सहा वेळा फोन केला. फोन त्यांच्या पिशवीत असतो आणि मॅच चालू असताना त्या पिशवी पायाखाली ठेवतात, हे तिला माहीत आहे. फिजिओचा नंबर तिच्या हातात आहे. तिने तीनदा लिहिलं, चिमणीचाही आकडा, आणि तीनदा पुसलं. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर पुढे त्याच्यासमोर उभं राहावं लागतं. अनोळखी माणसाचं तसं नसतं. म्हणून ती तुम्हाला सांगते आहे. मॅचचा दुसरा भाग अजून चालू असेल. तुम्ही कुठल्याही मैदानाच्या कडेला असाल, तर गोलमध्ये उभ्या असलेल्या मुलीकडे जरा बघा. लहानखुरी आहे, हेल्मेट घातलं की मान दिसत नाही. खेळ थांबला की तिच्याजवळ जा. कशी आहेस, असं विचारू नका. अंगठा वर करेल. तिला विचारा, खाली जायला कुठलं बटण दाबायचं. आणि उत्तर येईपर्यंत मनात मोजा. एकच्या पुढे गेलात, तर तिला तिथून बाहेर काढा, कुणी कितीही ओरडलं तरी. मागच्या ओळीत तिची आई उभी असेल. तिला सांगा, कुणी सांगितलं ते.